एका रकान्यात नऊ जागा

गेल्या वर्षी वैष्णवीच्या निवड चाचणीच्या फॉर्मवर ‘खेलने का स्थान’ या रकान्यात मी ‘सभी नौ’ असं लिहिलं.

मधू, पोरींना शिकवायचो आपण दोघं, पण तू तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला लेकीकडे होतास, म्हणून फॉर्म माझ्या हाती पडला. मला वाटलं, निवडणारे वाचतील आणि खुर्चीतून उठतील. पंधरा वर्षांची पोर, पिचरपासून राइट फील्डपर्यंत सॉफ्टबॉलच्या नऊही जागा खेळते, अजून काय पाहिजे? रकाना बोटभर होता. मी त्यात ‘सभी नौ’ लिहिलं आणि शेजारी जागा उरली म्हणून एक छोटी चांदणीही काढली. चांदणीचं मी तुला कधी सांगितलं नाही. आता सांगतो, कारण आता तू उठून जाऊ शकत नाहीस.

पुढचं तुला माहीत आहे, पण तू पाहिलं नाहीस, मी पाहिलं. भोपाळच्या त्या मैदानावर त्यांनी जागेप्रमाणे याद्या केल्या होत्या. पिचर इकडे, कॅचर तिकडे, शॉर्टस्टॉप झाडाखाली. वैष्णवी पिचरच्या रांगेत गेली. नाव नाही. कॅचरच्या रांगेत गेली. नाव नाही. एकेका रांगेत जाऊन ती परत येत होती, आणि दर वेळी माझ्याकडे बघत होती, आणि मी दर वेळी पुढच्या रांगेकडे हात करत होतो. शेवटी एक जण तिला म्हणाला, “बेटा, सब जगह खेलती हो ना, तो ज़रा बॉल उठा दो.” तिनं दुपारभर दुसऱ्या पोरींचे बॉल गोळा केले. परतीच्या गाडीत इटारसीपासून नरसिंहपूरपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. मी शेंगदाणे घेतले, ते मीच खाल्ले.

परत आल्यावर तू आठ दिवस माझ्याशी बोलला नाहीस. नवव्या दिवशी बोललास ते थेट ग्राउंडवर, पोरींसमोर नाही, पाण्याच्या टाकीमागे नेऊन. “ती सगळीकडे खेळते असं नाही, वसंता. जिथं कोणी आलं नाही तिथं ती असते. या दोन गोष्टींत फरक आहे.”

मी विषय बदलून तुझ्या चष्म्याबद्दल बोललो.

तुला माझ्यावर एवढा राग का यावा, हे मला माहीत होतं. तो राग वैष्णवीच्या आधीचा होता. फॅक्टरीत तू अठ्ठावीस वर्षं एकाच लेथवर होतास. तो लेथ कुरकुरला तर तुला जिन्यावरून कळायचं. आणि मी म्हणजे ‘वसंताला पाठवा’. वेल्डर रजेवर, वसंताला पाठवा. स्टोअरमध्ये माणूस नाही, वसंताला पाठवा. फोरमनच्या पोरीच्या लग्नात मंडपाची वायरिंगसुद्धा वसंतानं केली. मला फार भारी वाटायचं. मग बढतीची ट्रेड टेस्ट आली आणि साहेबानं विचारलं, “आपका ट्रेड कौन सा?” मी म्हणालो, “सर, सब.” तो हसला आणि त्यानं पुढच्याला बोलावलं. त्या दुपारी तू तुझ्या डब्यातला अर्धा झुणका माझ्या डब्यात टाकलास. पण मी शहाणा झालो नाही. तेच उत्तर मी वीस वर्षांनी एका पोरीच्या फॉर्मवर लिहिलं, चांदणीसकट.

ही माझी चूक खरी, पण सगळंच तुझं बरोबर होतं असं मी आजही म्हणणार नाही. तुझी ती फर्स्ट बेसवाली आठव. चार वर्षं तू तिला त्या एका बेसला बांधून ठेवलंस. कॉलेजात गेली तर तिथं तिच्याहून हातभर उंच फर्स्ट बेस आधीच उभी. दुसरं काही येत नव्हतं. दोन महिन्यांत खेळ सोडला. त्यावर तू काय म्हणाला होतास? तूही माझ्या चष्म्याबद्दल बोलला होतास.

आणि रांझीच्या ग्राउंडवरची ती मॅच. आपल्या कॅचरच्या बोटाला लागलं, फर्स्ट आणि सेकंड बेसवर त्यांच्या पोरी, आणि मी वैष्णवीला म्हटलं, घाल मास्क. बारा-तेरा वर्षांची असेल. तिला मास्क मोठा होता, मान हलली की मास्क मागून यायचा. पण तिनं थर्डकडे पळणाऱ्या पोरीला असं बाद केलं की जणू बॉल कुठं जायला पाहिजे हे तिनं तिथं उभं राहून आधीच पाहून ठेवलं होतं. आणि पाहिलंच होतं, मधू. ती आदल्या महिन्यात थर्डवर खेळली होती. तू टाळी वाजवलीस. मी पाहिलं. तू लगेच हात खिशात घातलेस, तेही पाहिलं.

तर हे भांडण. पाच वर्षं जुनं, रोज संध्याकाळी चार ते सहा. तू म्हणायचास, पोर लहान आहे तोवर तिच्या पायांना एक जागा ओळखीची होऊ दे. मी म्हणायचो, पोर लहान आहे तोवरच सगळीकडे फिरू दे, पुढं कोणी फिरू देत नाही. पोरी आपल्याला मोठे सर आणि छोटे सर म्हणायच्या. मी तुझ्याहून दोन वर्षांनी मोठा, पण छोटा मीच. पहिल्याच दिवशी मी पोरींना बेसवर उलटं पळायला शिकवलं होतं, आधी थर्ड मग सेकंड. तू नियमांचं पुस्तक वाचून आला होतास. तू ती पूर्ण संध्याकाळ मला उलटं शिकवू दिलंस आणि घरी जाताना सायकल थांबवून म्हणालास, “उद्या त्यांना सांग, आज आपण परत येण्याचा सराव केला.” माझी लाज तू अशी झाकायचास. हे मी तुला कधी म्हटलं नाही. म्हणायचं असतं का असं? मला वाटायचं, अजून वेळ आहे.

यंदाचा फॉर्म आला तेव्हा वैष्णवीच्या बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं. पनागरला त्यांचा भाजीचा मळा. हंगामात मटार तोडायला माणूस मिळत नाही आणि ही पोर रोज बसनं रांझीला येऊन संध्याकाळ घालवते. “यंदा निवड झाली तर झाली, सर. नाही तर गोहलपुरला तिच्या मावशीचा शिलाईचा कारखाना आहे, शाळा सुटली की तिथं बसंल. काही तरी एक धड करू द्या तिला.” ‘एक’ या शब्दावर त्यांनी माझ्याकडेच पाहिलं होतं, की मला तसं वाटलं.

तू फॉर्म माझ्या हातातून काढून घेतलास. आपण त्या सकाळी त्यावरच भांडत होतो. तू म्हणालास शॉर्टस्टॉप. मी म्हटलं, निदान तीन जागा तरी लिही. तू फॉर्म घडी करून खांद्यावरच्या त्या खाकी पिशवीत टाकलास. “उद्या बोलू. तोवर तू फॉर्मला हात लावू नकोस.”

माझ्याशी बोललेलं तुझं शेवटचं वाक्य हे. लोकांना काय काय शेवटचे शब्द मिळतात.

तू गेल्यावर पिशवी तुमच्या बैठकीत खुंटीला टांगलेली होती, तुझ्या फोटोच्या शेजारी. फॉर्म द्यायची मुदत तेराव्याच्या दिवशी दुपारी बारापर्यंत. मी रोज येऊन बसत होतो. सतरंजीवर माणसं, मधे दिवा, आणि मी. वहिनींना कोणत्या तोंडानं सांगायचं की मला त्या पिशवीतला कागद पाहिजे? चौथ्या दिवशी वाटलं, उद्या सांगू. सातव्या दिवशी वाटलं, खेळाच्या ऑफिसातून नवीन फॉर्म आणू. गेलो, तर बाबू म्हणाला, शाळेचा शिक्का मारलेलाच फॉर्म चालतो आणि तो एकदाच मिळतो. नवव्या दिवशी मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठलो, खुंटीजवळ थांबलो, पिशवीच्या बंदाला बोट लावलं, आणि तुझ्या धाकट्या मेव्हण्यानं विचारलं, “काय पाहिजे, भैया?” मी म्हटलं, “घड्याळ पाहतो.” तिथं घड्याळ नाही.

दहाव्या दिवशी वैष्णवीचा फोन आला. तिनं फॉर्मचं विचारलं नाही. “सर, काकी कशा आहेत?” एवढंच म्हणाली.

बाराव्या दिवशी वहिनींनीच आतून हाक मारली. “भाऊजी, या इकडे.” मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. “बारा दिवस झाले. तुम्ही यांच्या फोटोकडे नाही, पिशवीकडे पाहून राहिले. काय आहे तिच्यात?”

मी सांगितलं. वहिनींनी हात पुसले, खुंटीवरून पिशवी काढली आणि माझ्या हातात दिली. “यांनी हात लावू नको म्हटलं होतं ना तुम्हाला? मग मी देते.”

फॉर्म सगळा भरलेला होता, तुझ्या त्या कोरल्यासारख्या अक्षरात. नाव, जन्मतारीख, शाळा. खाली प्रशिक्षक म्हणून तुझी सही, पेनानं. फक्त ‘खेलने का स्थान’ रिकामं.

रिकामं नव्हतं खरं तर. तू आधी पेन्सिलीनं लिहिणारा माणूस. लेथवर आधी खूण, मग कट, कापलेलं लोखंड परत जोडता येत नाही, असं म्हणायचास. मी कागद खिडकीच्या उजेडात धरला. त्या रकान्यात कागद खोडून खोडून इतका पातळ झाला होता की पलीकडचं दिसावं. पेन्सिलीचे वळ राहिले होते. ‘शॉर्टस्टॉप’. त्यावर ‘कैचर’. त्यावर बहुतेक ‘सेकंड बेस’. आणि कोपऱ्यात, अगदी बारीक, खोडलेलं एक ‘सभी’.

मधू, मी खाली बसलो. पाच वर्षं तू माझ्याशी एवढ्या खात्रीनं भांडलास. मला वाटायचं, दोघांतला एक तरी जाणता आहे, म्हणून मी बिनधास्त उलटं बोलायचो. आणि तू घरी येऊन हे करत होतास? मला तुझा राग आला. तेराव्याच्या आदल्या दिवशी, तुझ्या स्वयंपाकघरात, तुझ्या बायकोसमोर, मला तुझा भयंकर राग आला. मला सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? मी हसलो असतो, हे खरं. वर्षभर हसलो असतो.

मुदतीला एक रात्र आणि अर्धी सकाळ उरली होती, आणि मला आता भांडायलाही कोणी नव्हतं. मी पेन काढलं. शॉर्टस्टॉप लिहू? तू खोडलं होतंस. कॅचर? तेही खोडलं होतंस. तेवढ्यात दारात वैष्णवी आणि तिचे बाबा. वहिनींसाठी पिशवीभर मटार घेऊन आले होते. पोर फोटोला नमस्कार करून आत आली आणि माझ्या हातातला फॉर्म पाहून तिथंच थांबली.

मला कसं सुचलं माहीत नाही. सुचलं असंही नाही, दुसरं काही उरलं नव्हतं. मी म्हटलं, “वैष्णवी, तुला कुठं खेळायचं आहे?”

“मैं… म्हणजे, मला?”

“तुलाच.”

तिनं बाबांकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं, मग फॉर्मकडे. “थर्ड,” ती म्हणाली.

थर्ड बेस. तुझ्या खोडलेल्या नावांत ते नव्हतं. माझ्या तीन जागांतही नव्हतं.

“काहून थर्ड?” तिच्या बाबांनी विचारलं. ते कधीच ग्राउंडवर आले नव्हते, त्यांना थर्ड काय आणि फर्स्ट काय.

“तिथं बॉल लई जोरात येतो, बाबा. विचार करायला टाइमच नाही देत.” मग ती माझ्याकडे वळली. “सर, तुम्ही मला सगळीकडे खेळवलं ना, तर दुसरीकडे उभी राहिली की डोक्यात सगळ्याच बोलतात. कॅचर असती तर हे केलं असतं, शॉर्ट असती तर ते केलं असतं. नऊ जणी बोलून राहिल्या असतात. थर्डवर त्या चूप बसतात.”

वहिनी मटार निवडायला बसल्या होत्या, त्यांचा हात थांबला.

मी ‘थर्ड बेस’ लिहिलं. पेनानं. कागद एवढा पातळ होता की ‘थ’ला जवळजवळ भोक पडलं. अक्षर माझं, खाली सही तुझी. आपण दोघांनी मिळून भरलेला हा पहिलाच फॉर्म.

दुसऱ्या दिवशी तुझ्या तेराव्याच्या पंगतीला मी उशिरा आलो. तोवर कुठं होतो, हे आता कळलं असेल.

चाचणी यंदा आपल्याच गावात होती, सकाळी आठला. मी सवयीनं तिच्या पिशवीत तीन ग्लोव्ह भरले होते, साधा, फर्स्ट बेसचा आणि कॅचरचा जाडा. तिनं साधा काढला आणि पिशवी मला परत केली. “सर, हे दोन घरी ठेवायचे होते.” थर्डच्या यादीत तिचं नाव चौथं. रांगेत सात पोरी, आणि जागा दोन.

पहिला बॉल तिच्या पायांतून गेला.

मी जाळीमागे उभा होतो. मला तुझं कोपर शेजारी पाहिजे होतं. अशा वेळी तू मला कोपर मारायचास, ओरडू नको म्हणून. मी टोपी तोंडात धरली. दुसरा बॉल जमिनीवरून उसळून आला. तिनं तो छातीवर घेतला, खाली पडू दिला, उचलला आणि फर्स्टला फेकला. तिसरा तिनं असा घेतला की फटका बसायच्या आधीच ती तिथं होती. चौथा, पाचवा. मग बंट, हळूच पुढं टाकलेला, ज्यावर थर्डच्या पोरी नेहमी फसतात. ती कॅचरच्याही आधी पोचली. बॅट कशी वळते हे तिनं मास्कच्या आडून शंभर वेळा पाहिलं होतं. त्या सात जणींत हे तिनं एकटीनंच पाहिलं होतं.

पांढऱ्या टोपीतल्या बाईंनी वहीतून मान वर केली. “और कहीं खेलती हो?”

मधू, माझ्या तोंडात टोपी होती म्हणून बरं. नऊचे नऊ घशापर्यंत आले होते.

वैष्णवी जरा थांबली. “कैचर भी,” ती म्हणाली. बस, तेवढंच.

“मिट है?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी जाडा ग्लोव्ह घेऊन धावलो, सीमेच्या दोरीत पाय अडकला आणि उरलेलं अंतर मी पोटावर पार केलं. ग्लोव्ह मात्र वेळेवर पोचला. पोरी हसल्या. तीही हसली. गेल्या वर्षीच्या त्या गाडीनंतर तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

संध्याकाळी यादी लागली. सोळा नावं, चौदावं तिचं. पुढं लिहिलेलं, ‘थर्ड बेस, कैचर’. तिच्या बाबांनी ते दोनदा वाचलं आणि मला विचारलं, “म्हणजे दोन्ही?” मी म्हटलं, आधी एक, मग दुसरं. हे वाक्य माझ्या तोंडून निघालं, पण त्यातलं अर्धं तुझं होतं.

तिथून मी सरळ तुमच्याकडे आलो. वहिनी बैठकीत मेथी निवडत बसल्या होत्या, एकट्या. पिशवी खुंटीला नव्हती, त्यांनी धुऊन वाळत घातली होती. मी सगळं सांगितलं, पायांतून गेलेला बॉल, बंट, पोटावर घसरलेलो तेही. मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, “वहिनी, म्हणजे पाहा, भांडणाचा निकाल लागला. एक जागा लिहिली म्हणून ती रांगेत उभी राहू शकली, हे मधूचं बरोबर. आणि बाकीच्या जागा येत होत्या म्हणून ती टिकली, हे माझं बरोबर. तो असता तर—”

वहिनींनी मेथीची जुडी खाली ठेवली.

“भाऊजी, पाच वर्षं तुम्ही दोघं रोज भांडले. पोरीला एक गोष्ट विचारायला तुमच्यातला एक जण जावा लागला. अन् त्यातही देवानं नेलं ते कमी बडबड करणाऱ्याला.”